वाहत्या पाण्याचा चित्रकार

इटली देशात फ्लॉरेन्स नगराच्या पश्चिमेस विंची नावाचा एक लहानसा गाव आहे. त्या परिसरात १४५२ साली लिओनार्दोचा जन्म झाला. 'मोनालिसा' या चित्रामुळे त्याचे नाव जगभर झाले. परंतु त्याला आयुष्यभर ध्यास होता तो वाहत्या पाण्याचा.

लॅटिनचे रीतसर शिक्षण त्याला मिळाले नव्हते. विद्वानांच्या ग्रंथांपेक्षा त्याचा भरवसा स्वतःच्या डोळ्यांवर अधिक होता. वाहत्या पाण्यात फळी उभी धरली तर पाणी तिला कसा वळसा घालते, पाण्यात टाकलेले बारीक बी कशा गिरक्या घेते, हे तो तासन्‌तास न्याहाळी आणि डाव्या हाताने, उलट्या अक्षरांत लिहून ठेवी. वाऱ्याने गव्हाच्या शेतावर लाट धावते, पण रोपे जागीच राहतात. तसेच लाट पुढे जाते म्हणून पाणी तिच्याबरोबर जाते असे नाही, हे त्याने ओळखले होते.

ओढ्यात मात्र याच्या उलट दिसते! उथळ, वेगवान धारेत एखादा खडा डोके वर काढून असला, म्हणजे त्याच्यापासून दोन्ही बाजूंना तिरप्या लाटा पसरतात. पाणी सारखे पुढे धावते. लाटांची नक्षी तेथेच. कारण लाटेलाही स्वतःची गती असते. प्रवाह तिला खाली ओढतो, ती तेवढ्याच वेगाने वर चढू पाहते, आणि जागीच उभी राहते. प्रवाह फारच संथ असेल, तर ही नक्षी उमटतच नाही. ही मर्यादा सेकंदाला सुमारे २३ सेंटिमीटर असल्याचे केल्व्हिन या शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये गणिताने दाखवले. लिओनार्दोपाशी ते गणित नव्हते. होती केवळ लेखणी.

फ्लॉरेन्सचे तेव्हा पीसा नगराशी युद्ध चालू होते. आर्नो नदी वळवून पीसाचे पाणी तोडावे, असा बेत १५०४ साली ठरला. त्यात लिओनार्दोचा सल्ला घेतला होता. पुष्कळ मजूर खपले. पण वादळी पावसाने चरांचे काठ ढासळले आणि काम सोडून द्यावे लागले. पुढे काही वर्षांनी त्याने पाण्याविषयीच्या वहीत लिहिले, की नदीवर बळजबरी करू नये. प्रवाहात लहानसा अडथळा घालून तिला हळूच वळवावे. ओढ्यातील खड्याकडे पाहण्यात किती अर्थ होता, ते येथे कळते.

पाण्यावर एक मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्याचा मनसुबा अपुराच राहिला. १५१९ साली फ्रान्समध्ये तो वारला. त्याच्या वह्या मेल्झी या शिष्याने जपल्या. शिष्याच्या मागे त्या विखुरल्या, आणि त्यांतील ज्ञान कित्येक पिढ्यांना ठाऊकच झाले नाही.

इंग्लंडमधील विंडसरच्या राजसंग्रहात त्याचा एक कागद आहे. त्याच्या एका बाजूस गालावर हात टेकून बसलेला म्हातारा आहे. दुसऱ्या बाजूस अडथळ्याला वळसा घालून जाणारे पाणी, केसांच्या बटांसारखे पीळ घेत चाललेले.