विश्लेषण : बी रुजलं, पण पाच वर्षांनीही फूल नाही! आल्डो लिओपोल्ड यांचा प्रेअरीतील प्रयोग काय होता?

प्रेअरी म्हणजे अमेरिकेतील रानफुलांनी भरलेली गवताळ माळरानं. नांगर फिरला आणि विस्कॉन्सिन राज्यात मूळ प्रेअरीचा एक टक्काही उरला नाही. ती पुन्हा उभी करता येईल का, या प्रश्नामागे लागलेल्या सुरुवातीच्या मोजक्या लोकांपैकी एक होते आल्डो लिओपोल्ड.

कोण होते लिओपोल्ड?

त्यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवातील बर्लिंग्टन इथे झाला. येल विद्यापीठात वनशास्त्र शिकून १९०९ मध्ये ते वनखात्यात रुजू झाले. १९३३ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले. १९३५ मध्ये त्यांनी नदीकाठची ८० एकर कसदारपणा गेलेली जमीन विकत घेतली. तिथलं कोंबड्यांचं जुनं खुराडं दुरुस्त करून पत्नी आणि पाच मुलांसह ते सुट्ट्यांमध्ये राहू लागले. त्याच वर्षी विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये जुन्या शेतजमिनीवर प्रेअरीची लागवड सुरू झाली. त्या कामातही त्यांचा सहभाग होता.

बियांचा प्रयोग काय होता?

कंपास प्लांट हे सूर्यफुलाच्या कुळातलं प्रेअरीचं रानफूल. लिओपोल्ड यांनी आधी मोठं झाड उपटून शेतावर न्यायचं ठरवलं. पण अर्धा तास खणूनही मूळ संपेना. मग त्यांनी बी पेरलं. ते लगेच उगवलं. पाच वर्षं झाली तरी फुलाचा दांडा मात्र आला नाही.

इतका वेळ का लागतो?

ही रोपं सुरुवातीची वर्षं मुळं खोल नेण्यात घालवतात. त्यामुळे दुष्काळात किंवा वणव्यात वरचा भाग गेला, तरी झाड पुन्हा फुटतं. याच कुळातल्या कोनफ्लॉवरच्या बियांना उगवण्याआधी ओलसर थंडी मानवते. म्हणून त्या हिवाळ्याआधी पेरतात किंवा ओल्या वाळूत मिसळून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात. पहिल्या वर्षी बहुतेकदा नुसती पानंच दिसतात.

पुढे काय झालं?

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजारच्या शेतातील गवताला लागलेली आग विझवताना हृदयविकाराच्या झटक्याने लिओपोल्ड यांचं निधन झालं. ते ६१ वर्षांचे होते. त्यांचं गाजलेलं ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक १९४९ मध्ये, त्यांच्या पश्चात आलं. आर्बोरेटममधली ती प्रेअरी आज ‘कर्टिस प्रेअरी’ म्हणून ओळखली जाते. तिथे झुडपांना आवर घालण्यासाठी आता ठरवून, नियंत्रित आग लावली जाते.