उलट्या इंजिनाचे विमान आणि डॉ. घाटगे

आपल्या हवाई दलाच्या कित्येक वैमानिकांनी पहिले धडे ज्या विमानावर गिरवले, त्या एचटी-२ चे इंजिन उलटे होते. क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली. हे विमान ज्यांनी आखले ते डॉ. विष्णु माधव घाटगे आपले, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावचे. जयनगरात मराठी घरे पुष्कळ आहेत, पण मुलांना हे नाव विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, काही वर्षे बिदरला एचटी-२ वर काम केले. तेव्हा कॅडेट मित्रांनो, घाटगे साहेबांचे चरित्र सांगताना माझा हात अधूनमधून तेलाकडे जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

त्यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1908 चा. मुंबई विद्यापीठाचे शिक्षण संपवून ते जर्मनीत ग्यॉटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा विचार प्रथम मांडला तो याच प्रांटल यांनी. असा गुरू लाभलेला माणूस परदेशात सहज राहू शकला असता. घाटगे परत आले. 1940 च्या डिसेंबरात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला, तिथे ते रुजू झाले. पुढच्याच वर्षी सैनिक वाहून नेणारे एक ग्लायडर त्यांनी आखले. पण महायुद्धात कारखाना दुरुस्तीच्या कामाला जुंपला गेला आणि नवीन विमान मागे पडले. 1942 मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग निघाला. त्याचे पहिले प्रमुख घाटगेच.

स्वातंत्र्यानंतर ते कारखान्यात परतले ते मुख्य रचनाकार म्हणून. हवाई दलाला शिकाऊ वैमानिकांसाठी विमान हवे होते. ते बाहेरून विकत घेणे सोपे होते, आणि इथल्या लोकांना विमान जोडता येईल पण आखता येणार नाही असे मानणारे कमी नव्हते. 5 ऑगस्ट 1951 रोजी कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी पहिले एचटी-२ उडवले. भारतात आखलेले आणि इथेच बांधलेले हे पहिले इंजिनाचे विमान.

पहिल्या नमुन्यात 145 अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन होते. दुसरा नमुना फेब्रुवारी 1952 मध्ये उडाला, त्यात 155 अश्वशक्तीचे सिरस मेजर बसवले आणि पुढे तेच कायम झाले. दोन्ही चार सिलिंडरची, हवेने थंड होणारी आणि उलटी. उलट्या इंजिनाचा फायदा असा की नाक खाली राहते, वैमानिकाला समोरचे दिसते, आणि पंख्याचा दांडा उंचावर येत असल्याने चाकांचे पाय फार लांब करावे लागत नाहीत. पण तेल कुठे साठवायचे? साध्या इंजिनात ते क्रँककेसच्या तळाशी राहते, इथे तळाशी सिलिंडर. म्हणून ड्राय संप. (जयनगरात संप म्हणजे अंगणाखालची पाण्याची टाकी, आणि मराठीत संप म्हणजे कामगारांचा. हा तिसरा.) तेल वेगळ्या टाकीत असते, एक पंप ते दाबाने बेअरिंगांना पुरवतो आणि दुसरा पंप क्रँककेसमध्ये जमलेले तेल ओढून टाकीत परत नेतो. परत नेणाऱ्या पंपाची ताकद जास्तच असावी लागते, कारण तो तेलाबरोबर हवाही ओढतो.

यातून आमची एक रोजची कवायत निघाली. विमान उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये उतरते. तेल दाबले जात नाही. तशा स्थितीत स्टार्ट मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड त्या दिवशी कदाचित दिसतही नाही, पुढे कधीतरी हवेत तुटतो. म्हणून स्विच बंद असल्याची खात्री करून पंखा हाताने सावकाश फिरवायचा. अडला तर जोर लावायचा नाही, प्लग काढून तेल बाहेर सोडायचे. विमानात बसणारा पोरगा अठरा-वीस वर्षांचा असे, आणि ही दोन मिनिटे त्याच्यासाठी होती.

पुढे हवाई दलाच्या एचटी-२ ना लायकमिंगचे 160 अश्वशक्तीचे इंजिन बसवले. ताकद वाढली पाचच अश्वशक्तीने, पण तेलाची रचना मुळापासून बदलली. हे इंजिन आडवे, तेल पुन्हा तळाशी. विमान उलटे झाले की एक झडप वजनानेच जागा बदलते आणि पंप तळाऐवजी वरच्या बाजूने तेल घेतो.

इंजिन बदलले की तेलाचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. अलीकडे जयनगरातल्या एका ओळखीच्या तरुणाने शर्यतीच्या गाडीत जादा ताकदीचे इंजिन बसवले, ड्राय संप मात्र जुनाच ठेवला. लांब वळणावर दाबाचा काटा थरथरू लागला. त्याचा संशय दाबाच्या पंपावर होता. मी आधी गरम इंजिन चालू असताना टाकीतली पातळी पाहायला सांगितले, मग जोरात पळवून लगेच पुन्हा. टाकी रिकामी होत होती, म्हणजे तेल इंजिनातच अडकत होते. वाढलेल्या फेऱ्यांना परतीचा पंप पुरत नव्हता, आणि त्याच्या ओढणाऱ्या नळीच्या जोडातून हवा शिरून तेलाला फेस येत होता. दाबाचा पंप ठणठणीत होता.

घाटगे साहेब एचटी-२ वर थांबले नाहीत. 1958 मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक, 1959 मध्ये कृषक, आणि 4 सप्टेंबर 1964 रोजी जेटवर चालणारे किरण. सूर्यकिरण पथकाच्या कसरती ज्या पालकांनी 1996 ते 2011 या काळात पाहिल्या, त्यांनी हेच विमान पाहिले. 1965 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घानाच्या हवाई दलानेही बारा एचटी-२ घेतली होती. माझ्या मते एवढ्या कामाच्या मानाने महाराष्ट्राने त्यांची आठवण फारच कमी ठेवली.

6 डिसेंबर 1991 रोजी ते गेले. एचटी-२ त्याच सुमारास सेवेतून उतरले होते. बेंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात एक उभे आहे. जयनगरहून तासाभरात पोहोचता येते.