न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

आपल्या महालातील भोसल्यांच्या वाड्यावरून आपण नित्य जातो. 1772 साली जानोजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर गादीविषयी मुधोजी व साबाजी या बंधूंत तंटा पेटला, त्याचे धागे पुण्याच्या राजकारणापर्यंत पोहोचले होते. पुण्यास राघोबादादांनी मुधोजींचा पक्ष उचलला होता. त्याच राघोबादादांस पुढे ज्या पुरुषाने न्यायासनावरून अपराधी ठरविले, त्याचे हे चरित्र आहे.

राम विश्वनाथ प्रभुणे हे साताऱ्याजवळील माहुलीचे. वडिलांचे छत्र लवकर हरपले, विद्या झाली नाही आणि विशीच्या सुमारास त्यांना साताऱ्यास एका सावकाराकडे चाकरी पत्करावी लागली. एके दिवशी धन्याच्या पायांवर पाणी घालताना त्यांची दृष्टी त्याच्या कानातील मोत्यांच्या भिकबाळीवर खिळून राहिली. अशी भिकबाळी विद्येने किंवा पराक्रमाने मिळते, असा टोमणा कानी पडताच त्यांनी चाकरी सोडली व काशीची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. विशीत श्रीगणेशा करणे ही हसण्याजोगी गोष्ट नव्हे. आमच्या विद्यार्थिमित्रांनी याचा विचार करावा. काशीस त्यांनी बाळंभट पायगुंडे यांच्यापाशी धर्मशास्त्राचे अध्ययन केले. 1751 साली ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून राहिले व 1759 साली मुख्य न्यायाधीश झाले.

1761 साली सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. तरुण वयात ते जपजाप्यात इतके रमले की, राज्याची कामे खोळंबू लागली. शास्त्रीबोवांनी एके दिवशी काशीस जाण्याची रजा मागितली. ब्राह्मणाचे कर्म आचरायचे असेल तर उभयतांनी गंगातीरी जाऊन बसावे आणि राज्य करावयाचे असेल तर रयतेचे पालन हेच अनुष्ठान मानावे, असे त्यांनी धन्यास बजावले. माधवरावांनी हे ऐकून घेतले, यात त्यांचाही मोठेपणा दिसतो.

खरी कसोटी पुढेच होती. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा वध केला. राघोबादादा पेशवे झाले, म्हणजे आता तेच शास्त्रीबोवांचे धनी. तरीही रामशास्त्र्यांनी गुपचूप चौकशी चालविली. पत्रातील ‘ध’ चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला, ही कथा लोकांच्या जिभेवर आहे. परंतु शास्त्रीबोवांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर. या पापास प्रायश्चित्त काय, असा प्रश्न निघाला तेव्हा देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निर्णय त्यांनी तोंडावर दिला. हाताशी ना फौज, ना खजिना. तो निर्णय अमलात आणणारा कोणी नव्हता व तो अमलात आलाही नाही. रामशास्त्र्यांनी मात्र अशा राज्यात न्यायासनावर बसण्याचे नाकारून पुणे सोडले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

इतके मोठे पद असे क्षणात टाकता आले, याचे मर्म त्यांच्या घरात होते. एका दिवसापुरता शिधा असला की त्यांस पुरे वाटे, असे सांगतात. ज्यास गमावण्यासारखे काही नाही, त्यास धाक घालावा तरी कशाचा?

बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावर त्यांस सन्मानाने परत बोलावण्यात आले. पुढे अखेरपर्यंत, म्हणजे 1789 सालापर्यंत, ते त्याच आसनावर होते.