शिकागोतील शाकाहारी श्रावक : वीरचंद राघवजी गांधी

श्रावकरत्न वीरचंद राघवजी गांधी यांचे नाव घेताच १८९३ सालची शिकागो येथील सर्वधर्म परिषद आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्या परिषदेपूर्वी अवघी दोन वर्षे त्यांनी डुकराच्या चरबीच्या एका कारखान्याविरुद्ध कलकत्त्यात जो लढा दिला, तो आज समाजात फारसा सांगितला जात नाही. परिषदेनंतर त्यांच्या वाट्याला स्वजनांकडून जे आले, ते तर त्याहूनही कमी सांगितले जाते.

वीरचंदजींचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी भावनगर संस्थानातील महुवा या गावी झाला. मॅट्रिकच्या परीक्षेत भावनगर येथे प्रथम क्रमांक मिळवून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आले आणि १८८४ साली सन्मानपूर्वक बी. ए. झाले. जैन समाजात पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते असा तो काळ. लगेच दुसऱ्या वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, जैन असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचे मानद चिटणीसपद त्यांच्याकडे आले. शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवर पालिताणा दरबाराने बसविलेल्या कराचा प्रश्न त्या वेळी चिघळला होता. प्रत्येक यात्रेकरूकडून कर घेण्याऐवजी दरबाराला वर्षाला १५,००० रुपये एकरकमी द्यावेत, असा चाळीस वर्षांचा करार १८८६ साली झाला, त्यात वीरचंदजींच्या खटपटीचा मोठा वाटा होता.

१८९१ साल उजाडले ते अधिक कठीण प्रसंग घेऊन. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी असलेल्या सम्मेदशिखरावर बोडम नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने डुकरे मारून त्यांची चरबी काढण्याचा कारखाना सुरू केला. ज्या डोंगरावर श्रावक अनवाणी चढतो, वाटेतील किडामुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून जपतो, तेथे रोज प्राण्यांची कत्तल होऊ लागली. देशभर संताप उसळला. पण संतापाने कारखाने बंद होत नाहीत. वीरचंदजी कलकत्त्यास गेले. डोंगराच्या मालकीहक्काची जुनी कागदपत्रे बंगालीत असल्याचे पाहून ते सहा महिने तेथे राहिले, बंगाली शिकले आणि ती कागदपत्रे त्यांनी स्वतः वाचून काढली. अखेर निर्णय जैनांच्या बाजूने लागला आणि कारखाना उठला. मुंबईच्या तरुणाने एका खटल्यासाठी नवी भाषा शिकावी, ही गोष्ट त्या निकालाइतकीच मोलाची मानावी लागेल. त्याच डोंगराला संथाळ समाज मारांग बुरू म्हणून पूजतो, हेही येथे नमूद करणे योग्य ठरेल. पुढे जानेवारी २०२३ मध्ये पर्यटनाच्या योजनेवरून शिखरजीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, तेव्हा केंद्र सरकारने त्या तरतुदी स्थगित केल्या आणि डोंगरावर मद्य व मांसाहाराला असलेली बंदी काटेकोरपणे अमलात आणण्यास राज्याला सांगितले. त्या वेळी या समाजानेही आपला हक्क मांडला होता.

कलकत्त्याचा लढा झाला त्याच सुमारास इंग्लंडहून नुकताच बॅरिस्टर होऊन आलेला एक तरुण मुंबईत वकिलीसाठी धडपडत होता. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. या तरुणाने शाळकरी वयात मित्राच्या नादाने चोरून मांस खाल्ले होते, आणि १८८८ साली विलायतेस निघताना बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर आईला मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याचे वचन दिले होते. सॉलिसिटरच्या परीक्षेचा अभ्यास करीत असलेल्या वीरचंदजींशी त्याची मैत्री जमली. आहाराचे निरनिराळे प्रयोग दोघांनी मिळून केले, असे महात्माजींनी आत्मकथेत नोंदविले आहे. एकाचा शाकाहार घरातून आलेला, दुसऱ्याचा आधी वचनाने राखलेला आणि मग लंडनमध्ये वाचन करून पटलेला. ताटात काय असावे याचा विचार हे दोघे रूढी म्हणून करीत नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचा भाग समजणे सोपे जाते.

शिकागो परिषदेचे निमंत्रण आले होते ते आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराज यांना. साधूंना वाहन वर्ज्य, तेव्हा समुद्रपर्यटनाचा प्रश्नच नव्हता. महाराजांनी ‘शिकागो प्रश्नोत्तर’ हा ग्रंथ तयार केला, वीरचंदजींना शास्त्राचे पाठ दिले आणि आपला प्रतिनिधी म्हणून त्यांना पाठविले. समाजातील एका वर्गाला हे रुचले नाही. समुद्र ओलांडणाऱ्याचा आचार टिकत नाही, परदेशात अभक्ष्य पोटात गेल्याशिवाय राहत नाही, अशी त्या काळी दृढ समजूत होती.

आणि गाव कोणते, तर शिकागो! १८६५ पासून तेथे युनियन स्टॉक यार्ड हा अमेरिकेतील सर्वांत मोठा जनावरांचा बाजार भरत होता. रेल्वेने दरवर्षी लाखो गाई-बैल, डुकरे व मेंढ्या तेथे येत आणि डबाबंद मांस होऊन देशभर जात. अमेरिकेत शाकाहारी मंडळी मुळीच नव्हती असे नाही. पण त्यांचा भर बहुधा आरोग्यावर होता. परिषदेत वीरचंदजींनी मांडलेली भूमिका निराळ्या पायावर उभी होती. द्रव्यार्थिक व पर्यायार्थिक अशा दोन नयांनी त्यांनी जैन तत्त्वज्ञान समजावून सांगितले, आणि पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती यांपासून पंचेंद्रिय प्राण्यांपर्यंत जीवांची श्रेणी उलगडून दाखविली.

वनस्पतीतही जीव आहे, मग धान्य तरी का खावे, हा प्रश्न शाकाहाऱ्याला जगात सर्वत्र विचारला जातो. जैन दर्शन तो टाळत नाही. देहधारी मनुष्याला हिंसा पूर्णपणे चुकविता येत नाही हे ते आधीच मान्य करते. स्थावर जीवांची हिंसा गृहस्थाला अपरिहार्य म्हणून ती शक्य तितकी मर्यादित ठेवावयाची, आणि हालचाल करणाऱ्या, अधिक इंद्रियांच्या त्रस जीवांची संकल्पपूर्वक हिंसा मात्र सर्वथा टाळावयाची, ही श्रावकाची मर्यादा आहे. म्हणूनच शाकाहार हा श्रावकाच्या अभिमानाचा विषय होऊ शकत नाही. त्याच्या ताटातही थोडी हिंसा असतेच. वीरचंदजींच्या बोलण्यात मांसाहारी श्रोत्यांविषयी तुच्छता आली नाही, याचे मूळ येथे असावे. २५ सप्टेंबर रोजी एका पाद्र्याने हिंदू मंदिरांवर केलेल्या आरोपांना त्यांनी जोरकस उत्तर दिले. जैनांवर टीका नसतानाही त्यांनी ते दिले! परिषदेचा निरोप घेताना मात्र त्यांनी हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांच्या गोष्टीची आठवण करून दिली आणि इतरांच्या विचारांकडे उदार मनाने पाहण्याची विनंती केली.

परिषद संपल्यावरही ते अमेरिकेत राहिले, गावोगावी व्याख्याने देत हिंडले. श्रीमती हॉवर्ड यांच्यासारख्या काहींनी त्यांच्या सहवासात मांसाहार सोडला. या काळातील त्यांच्या आचाराची साक्ष स्वामी विवेकानंदांच्या लेखणीतून मिळते. स्वामीजींना स्वतःला आहाराचे असे बंधन नव्हते. नोव्हेंबर १८९४ मध्ये जुनागढचे दिवाण हरिदास विहारीदास देसाई यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळविले, की इतक्या भयंकर थंडीतही वीरचंद शुद्ध शाकाहारावाचून काही घेत नाहीत, देशाची व धर्माची बाजू हिरिरीने मांडतात आणि इथल्या लोकांना ते आवडतात. मात्र ज्यांनी त्यांना पाठविले तेच त्यांना वाळीत टाकू पाहत आहेत. मांसाच्या बाजारपेठेत राहून व्रत सांभाळणाऱ्यावर संशय घेतला गेला तो घरी, व्रत सांभाळणे सोपे असलेल्या ठिकाणी. समाजाने ही गोष्ट विसरू नये.

१८९५ मध्ये स्वदेशी येऊन पुढील वर्षी ते पुन्हा अमेरिकेस गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी तेथे मदत समिती स्थापून धान्याने भरलेले जहाज आणि सुमारे ४०,००० रुपये भारतात पाठविले. नंतर इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होऊन १९०१ साली ते मुंबईस परतले, पण प्रकृती पार ढासळली होती. ७ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले. सदतिसावे वर्ष पूर्ण होण्यास अठरा दिवस उरले होते.

८ नोव्हेंबर २००९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शिकागोचा तो जनावरांचा बाजार १९७१ मध्ये बंद झाला. मांसाचा धंदा संपला म्हणून नव्हे, तो दुसरीकडे गेला म्हणून. त्याच शिकागोजवळ बार्टलेट येथे आज जैन मंदिर आहे, आणि तेथे काठियावाडी पगडीतील वीरचंदजींचा पुतळा उभा आहे.