हेन्री टिमकेन: घोडागाड्या बनवणारा माणूस आणि तुमच्या डिफरेन्शियलमधलं बेअरिंग

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकांची जुनी जीप रडत होती. चाळीसच्या वर वेग गेला की मागून घूंऽऽ असा आवाज, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आवाजाचा सूर बदलायचा. काकांचं म्हणणं, टायर खराब झालेत. मिस्त्रींनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, डिफरेन्शियलमधलं पिनियनचं बेअरिंग गेलंय. मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये काम करतो (आपल्याकडे ही काही दुर्मिळ जात नाही), त्यामुळे गॅरेजमध्ये शेजारी उकिडवं बसून बघायची संधी सोडली नाही. नव्या बेअरिंगचं खोकं आलं, त्यावर नाव होतं टिमकेन. कॉलेजात चार वर्षं मला वाटायचं की हे बेअरिंगच्या एखाद्या प्रकाराचं नाव असेल. ते एका माणसाचं आडनाव आहे, आणि त्या माणसाचं जवळजवळ सगळं आयुष्य घोडागाड्या बनवण्यात गेलं.

हेन्री टिमकेन यांचा जन्म १८३१ चा, जर्मनीतल्या ब्रेमेनजवळचा. ते सात वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेत आलं आणि मिसूरी राज्यात शेती करू लागलं. हेन्रींना शेतीत रस नव्हता. सोळाव्या वर्षाच्या आसपास ते सेंट लुईस शहरात एका गाडी बनवणाऱ्याकडे उमेदवारीला लागले आणि १८५५ मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. मधे सोन्याच्या शोधात कोलोरॅडोची वारी झाली, यादवी युद्धात कॅप्टन म्हणून काम झालं, पण दर वेळी परत येऊन गाड्याच. १८७७ मध्ये त्यांनी बग्गीसाठी नव्या प्रकारची स्प्रिंग बनवून तिचं पेटंट घेतलं. खड्ड्यांतून जाताना बसणारे हादरे कमी करणारी ही स्प्रिंग इतकी चालली की टिमकेन श्रीमंत झाले. १८८७ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली आणि कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला समुद्राकाठी राहायला गेले.

गोष्ट इथे संपली असती तर आज त्यांचं नाव कोणाला माहीत असतं? बग्गी गेली, तिच्याबरोबर स्प्रिंगही गेली.

पण काही वर्षांनी टिमकेन पुन्हा सेंट लुईसला धंद्यात परतले आणि एका जुन्या दुखण्याच्या मागे लागले. ते दुखणं आपल्या बैलगाडीलाही होतं. चाकाचा तुंबा आखावर फिरतो तो घासत फिरतो, म्हणून मधे वंगण घालावं लागतं. वंगण संपलं की चाक कुरकुरतं, आख झिजतो आणि बैलांचा जीव जातो. घासण्याऐवजी काहीतरी लोळत राहिलं तर ओढायला जोर खूपच कमी लागतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलेलं होतं. सायकलींमध्ये बॉल बेअरिंग आलं होतं. सरळ, म्हणजे पेन्सिलच्या तुकड्यासारख्या रोलरची बेअरिंगही होती.

मग अडत कुठे होतं? वळणावर. गाडी सरळ जाते तेव्हा वजन वरून खाली येतं आणि सरळ रोलर ते मजेत पेलतो. गाडी वळली की चाकावर आडवा जोर येतो, म्हणजे तुंबा आखाच्या दिशेने सरकायला बघतो. सरळ रोलर हा जोर घेऊ शकत नाही. तो तिरका होतो, त्याची टोकं घासतात. बॉल थोडाफार आडवा जोर घेतो, पण तो टेकतो फक्त एका बिंदूवर, त्यामुळे जड मालगाडीचं ओझं त्याच्या आवाक्याबाहेरचं. हे कागदावर सोडवायचं कोडं टिमकेन यांच्यासाठी नव्हतं. पन्नास वर्षं त्यांनी हीच चाकं झिजलेली पाहिली होती.

उत्तर होतं निमुळता रोलर. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. आतली रिंग शंकूसारखी (गॅरेजमध्ये तिला कोन म्हणतात), बाहेरची रिंग आतून तशीच तिरपी (तिला कप), आणि मधे हे रोलर. पृष्ठभाग तिरपा असल्यामुळे वरून येणारा आणि आडवा, दोन्ही जोर एकच बेअरिंग घेतं. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे भूमिती: कोन, कप आणि रोलर यांच्या तिरप्या रेषा मनाने पुढे वाढवल्या तर त्या आखाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे रोलर जाड टोकाला आणि बारीक टोकाला, दोन्हीकडे न घसरता लोळतो.

निमुळत्या रोलरचा विचार टिमकेन यांच्या आधीही झालेला होता, त्यामुळे त्यांनी तो शून्यातून शोधला असं म्हणणं बरोबर नाही. पण बनवायला, वापरायला आणि झिजल्यावर पुन्हा कसून घ्यायला जमेल असं बेअरिंग त्यांनी भाचा रेजिनाल्ड हाइन्झेलमन याच्याबरोबर उभं केलं. २८ जून १८९८ ला दोघांना त्याची पेटंट मिळाली. टिमकेन तेव्हा ६६ वर्षांचे होते. पैसा होता, नाव होतं, समुद्राकाठचं घर होतं. ज्या वयात आपल्याकडे लोक नातवंडांना शाळेत सोडतात त्या वयात त्यांनी पुढच्याच वर्षी मुलांना घेऊन नवी कंपनी काढली.

त्या काळची एक गोष्ट सांगतात. टिमकेनची बेअरिंग लावलेल्या गाडीत प्रचंड माल भरून ती दोन लहान खेचरांना ओढायला लावली. मुक्या प्राण्यांचा छळ करतो म्हणून गाडीवानाला पकडलं. मग खेचरांना काहीच त्रास होत नाही हे दाखवून देऊन तो सुटला म्हणे. खरी किती आणि जाहिरात किती, देव जाणे.

१९०१ च्या सुमारास कंपनी ओहायोमधल्या कॅन्टनला गेली. एका बाजूला पिट्सबर्गचं पोलाद, दुसऱ्या बाजूला डेट्रॉइटच्या नव्या मोटारी. घोडागाडीच्या माणसाने घोडागाडीचा शेवट ओळखला होता. मार्च १९०९ मध्ये सॅन डिएगोला टिमकेन गेले आणि त्याच वर्षी मोटारींचे ॲक्सल बनवणारी वेगळी कंपनी डेट्रॉइटला सुरू झाली.

आता काकांच्या जीपकडे येतो. डिफरेन्शियलमध्ये लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतो. दोघांचे दाते तिरपे, त्यामुळे फिरताना पिनियन नुसता बाजूला ढकलला जात नाही, स्वतःच्या लांबीच्या दिशेनेही ढकलला जातो. इंजिन गाडी ओढत असताना एका दिशेला, पाय काढला की उलट दिशेला. (आवाजाचा सूर का बदलत होता ते आता कळलं?) म्हणजे वळणावरच्या चाकाचंच दुखणं, फक्त इथे ते सतत चालू. म्हणून पिनियनवर दोन निमुळती बेअरिंग एकमेकांविरुद्ध तोंड करून बसवतात, क्राउनच्या दोन बाजूंना आणखी दोन.

बेअरिंग बदलणं म्हणजे जुनं काढून नवं ठोकणं नव्हे. कप आणि कोन जोडीनेच बदलायचे, जुन्या कपात नवा कोन चालत नाही. कपामागचे शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या, सांभाळून ठेवायच्या, कारण पिनियन क्राउनच्या किती जवळ बसणार हे त्या ठरवतात. मग येतो प्रीलोड. दोन्ही बेअरिंग किंचित दाबलेल्या अवस्थेत बसायला हवीत. सैल राहिली तर पिनियन डुलतो आणि दाते खातो, जास्त दाबली तर तापून जातात. मिस्त्रींनी नट पूर्ण कसला, पिनियन हाताने फिरवून बघितला आणि मान हलवली. नट सोडून एक शिम वाढवली, तरी घट्ट. काकांनी घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा उघडल्यावर स्प्रिंगकाट्याने ओढून मोजलेला जोर मॅन्युअलमधल्या आकड्यात बसला. मग दात्यांना रंग लावून ते नीट टेकतात का बघितलं, डायल गेजने दात्यांमधली मोकळीक मोजली आणि तेव्हाच झाकण लावलं.

जुनं बेअरिंग का गेलं? ऑईल सील गळत होतं आणि तेलाची पातळी दोन वर्षं कोणी बघितलीच नव्हती. सील बदललं. पातळी बघायचं काम आता माझ्याकडे आहे, फोनवर रिमाइंडर लावलाय. काका म्हणतात, आवाज टायरचाच होता.