आवाजाला रेघ देणारा शिक्षक : सर आयझॅक पिटमन

(द्वितीय वर्ष कला)

न्यायालयात साक्षीदार बोलतो, तेव्हा त्याचा शब्द तोंडातून बाहेर पडताच विरून जातो. पण कुणाचे घर, कुणाची जमीन आणि प्रसंगी कुणाचे प्राण त्याच शब्दावर अवलंबून असतात. माणूस मिनिटाला शंभर-दीडशे शब्द सहज बोलतो. साध्या लेखणीने पंचवीस-तीस शब्द लिहितानाच हात भरून येतो. मग मधले शंभर शब्द कोण राखून ठेवणार? आणि ज्याने ते राखले, तो खरोखर पात्र होता हे कशावरून ठरवायचे? या दोन प्रश्नांशी ज्याचे सारे आयुष्य जोडले गेले, त्या सर आयझॅक पिटमन यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहे. त्यांचे नाव आपल्याकडे टायपिंगच्या क्लासच्या पाटीवर पुष्कळांनी वाचले असेल, पण त्या नावामागचा माणूस फारसा कुणाला ठाऊक नसतो.

आयझॅक यांचा जन्म 4 जानेवारी 1813 रोजी इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या ट्रोब्रिज या गावी झाला. वडील कापडाच्या कारखान्यात देखरेखीचे काम करीत. घरात अकरा मुले. कोंदट वर्गात आयझॅकला घेरी येई, म्हणून तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याची शाळा सुटली आणि तो त्याच कारखान्यात कारकून म्हणून बसला. शाळा सुटली, तरी वाचन मात्र सुटले नाही. पण पुस्तकातून शिकलेल्या मुलाची एक अडचण असते. शब्द डोळ्यांना ओळखीचा असतो, पण तो कसा उच्चारायचा हे सांगायला घरात कुणी नसते. आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. आयझॅकने त्यावर उपाय म्हणून वॉकर यांचा उच्चारकोश हाती घेतला आणि तो पहिल्या पानापासून वाचून काढला. इंग्रजीत लिहिणे एक आणि बोलणे दुसरेच, हे त्याच्या मनावर तेव्हापासून ठसले. पुढच्या साऱ्या कार्याचे बीज इथेच पडले.

त्या काळी लघुलेखनाची विद्या इंग्लंडमध्ये नव्हती असे नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास थॉमस गर्नी यांची लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात लघुलेखक म्हणून नेमणूक झाली होती. त्यांच्यामागून मुलगा आला, मग नातू आला. ज्या 1813 साली पिटमन जन्मले, त्याच साली नातू विल्यम ब्रॉडी गर्नी यांची पार्लमेंटचे अधिकृत लघुलेखक म्हणून नेमणूक झाली. गर्नी मंडळी आपल्या कामात निष्णात होती यात शंका नाही. पण हे काम आपल्याकडच्या वतनासारखे घराण्यात चालत राहिले. त्यांच्या पद्धतीचे पुस्तक छापलेले होते, पण ती शिकणे महाकठीण. प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी तरुणपणी हीच पद्धत रात्रंदिवस घोकली आणि लंडनच्या डॉक्टर्स कॉमन्स येथील न्यायालयात बातमीदारी केली. डिकन्ससारख्या बुद्धिमंताला जे इतके जड गेले, ते सामान्य मुलाला कसे साधावे?

आयझॅक यांनी प्रथम सॅम्युएल टेलर यांची लघुलिपी शिकून घेतली. 1831 मध्ये लंडनला शिक्षकी पेशाचे शिक्षण घेऊन ते शिक्षक झाले. टेलर यांच्या पद्धतीचे एक स्वस्त पुस्तक काढावे, म्हणजे गरीब मुलांना ते घेता येईल, एवढीच त्यांची इच्छा होती. बॅगस्टर या प्रकाशकांनी त्यांना जुन्याच वाटेने न जाता स्वतःची नवी पद्धत रचण्यास सुचविले. 1837 च्या नोव्हेंबर महिन्यात ते छोटे पुस्तक निघाले. त्याची किंमत होती चार पेन्स.

त्यातील कल्पना मराठी वाचकाला चटकन पटेल. स्पेलिंग सोडून द्यायचे आणि जो ध्वनी कानावर पडतो, तेवढाच लिहायचा. त्यांची मुळाक्षरे प, ब, ट, ड, च, ज, क, ग अशा क्रमाने ओठांकडून घशाकडे जातात. आपली वर्णमाला क-वर्गापासून निघून प-वर्गाकडे, म्हणजे घशाकडून ओठांकडे येते. प आणि ब यांचा उच्चार मुखात एकाच जागी होतो, म्हणून दोहोंची रेघ एकच. प साठी ती बारीक आणि ब साठी जाड. स्वरांसाठी टिंबे आणि आखूड रेघा. सराव झाला की तीही बहुतेक गाळायची, कारण शब्दाची रेघ ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळीला छेदून आहे, यावरूनच स्वराचा अंदाज येतो. ज्या भाषेत लिपी आणि उच्चार यांची फारकत झाली होती, तिथे या शिक्षकाने पुन्हा सांधा जुळवला.

मार्ग सुखाचा मात्र नव्हता. स्वीडनबॉर्ग यांच्या धर्ममताचा स्वीकार केल्यामुळे वॉटन-अंडर-एज येथील शाळेतून त्यांना काढण्यात आले. त्यांनी स्वतःची शाळा काढली आणि 1839 मध्ये ते बाथ या शहरी गेले. 1840 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये एक पेनीचे टपाल सुरू झाले, आणि पिटमन यांनी आपली सारी पद्धत एका पानावर छापून एक पेनीला विकायला काढली. शिकणाऱ्याने टपालाने धडा पाठवायचा आणि चुका दुरुस्त होऊन तो परत यायचा. 1843 मध्ये लघुलेखकांची संस्था स्थापन झाली. तिचे सभासद नवशिक्यांचे धडे विनामूल्य तपासून देत. ज्याला गाव सोडता येत नव्हते, त्याच्या दाराशी विद्या चालत आली. आजच्या पत्रद्वारा शिक्षणाचे मूळ पुष्कळ जण इथेच शोधतात.

पुढे पिटमन यांच्या नावाने प्रावीण्याची आणि वेगाची प्रमाणपत्रे मिळू लागली. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण या प्रमाणपत्रांत आहे. मिनिटाला किती शब्द घेतले आणि त्यांत किती चुका झाल्या, हे घड्याळ लावून मोजता येते. मुलगा कुणाचा, आडनाव काय, शिफारस कुणाची, हे घड्याळ विचारत नाही. ते सरकारी परवाने नव्हते, हे खरे. पण पात्रता मोजून ठरवावी, ही सवय समाजाला त्यांनी लावली.

त्यांचे धाकटे बंधू बेन ही विद्या घेऊन अमेरिकेत गेले आणि सिनसिनाटी येथे स्थायिक झाले. 1865 साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या हत्येच्या कटातील आठ आरोपींवर वॉशिंग्टन येथे लष्करी आयोगापुढे खटला चालला. साडेतीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. ती नोंद करणाऱ्या लघुलेखकांत बेन पिटमन प्रमुख होते. काम सुरू करण्यापूर्वी या लघुलेखकांना रीतसर शपथ देण्यात आली. साक्षीदाराला शपथ असते, तशी त्याचा शब्द उतरवणाऱ्यालाही असावी, हा विचार किती न्याय्य आहे! चार आरोपींना फाशी झाली. अशा खटल्यात चुकून गळलेल्या एका नकाराची किंमत काय असू शकेल, याची कल्पनाच केलेली बरी.

थोरांच्या चरित्रात दोष लपवू नयेत. आयझॅक यांना आपल्या पद्धतीत सतत सुधारणा करण्याची हौस होती. 1857 मध्ये त्यांनी स्वरचिन्हांचा क्रमच उलटा केला. अमेरिकेत बेन आणि इतर मंडळींनी जुनाच क्रम चालू ठेवला. परिणामी एकाच नावाच्या लिपीचे दोन प्रवाह झाले. एका लघुलेखकाची वही दुसऱ्याला वाचता आली नाही आणि पहिला आजारी पडला किंवा मरण पावला, तर ती साक्ष असून नसल्यासारखीच. मापदंड सर्वांचा एक हवा आणि तो स्थिर हवा, हा धडा त्यांच्या गुणांइतकाच त्यांच्या या दोषातूनही मिळतो.

वैयक्तिक जीवनात ते अत्यंत साधे होते. शाकाहारी, निर्व्यसनी, पहाटे उठून कामाला बसणारे. 1887 मध्ये त्यांच्या पद्धतीचा सुवर्णमहोत्सव लंडनमध्ये साजरा झाला. 1894 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि 1897 च्या जानेवारीत बाथ येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे दोनच वर्षांनी, 1899 मध्ये, अमेरिकेतील लघुलेखकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इंग्लंडमध्ये अ‍ॅडॉल्फ बेक नावाच्या निरपराध माणसाला चुकीच्या ओळखीमुळे दोनदा दोषी ठरविण्यात आले होते. त्यावरून मोठा गहजब झाला आणि 1907 च्या कायद्याने फौजदारी अपिलाचे न्यायालय निर्माण झाले. त्याच कायद्याने अपिलाचा हक्क असलेल्या खटल्यांची लघुलेखनात नोंद घेणे आवश्यक केले. नोंदच नसेल, तर वरच्या न्यायालयाने तपासायचे तरी काय? कॅलिफोर्नियात 1951 पासून परवाना देणारे स्वतंत्र मंडळ आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय परीक्षेत साक्षीची प्रश्नोत्तरे मिनिटाला 225 शब्दांच्या वेगाने आणि किमान 95 टक्के अचूक घ्यावी लागतात. तिथे आता लेखणीची जागा यंत्राने घेतली आहे, पण कसोटी तीच राहिली आहे : वेग आणि अचूकता.

आपल्या कनिष्ठ न्यायालयांत साक्ष बहुधा न्यायाधीश सांगतील तशी टंकलेखक उतरवतो आणि निकालपत्र लघुलेखक घेतो. आपल्या राज्यातही मराठी आणि इंग्रजी लघुलेखनाच्या शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा वेगाच्या पायऱ्यांनी होतात. तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडजवळच्या माडीवर, कितीतरी शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले-मुली त्यासाठी वह्यांमागून वह्या भरतात. त्या प्रमाणपत्राकडे आपण नोकरीचा कागद म्हणून पाहतो, आणि त्यात काही गैर नाही. पण त्याला दुसरीही बाजू आहे. कोर्टाच्या पिंजऱ्यात उभा राहणारा माणूस पुष्कळदा निरक्षर असतो. आपण बोललो ते कागदावर तसेच उतरले की नाही, हे त्याला वाचून पाहता येत नाही. त्याला विसंबावे लागते ते लिहिणाऱ्याच्या हातावर. तो हात तयार आहे, याची हमी म्हणजे ती परीक्षा. म्हणून ती कडक असावी आणि तिचे दार सर्वांना उघडे असावे. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या एका कारकुनाने चार पेन्सच्या पुस्तकातून या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात हे दाखवून दिले. त्यांच्या स्मृतीस वंदन!