राजा रविवर्मांच्या चित्रांना घरच्या बायकांनी खरी साडी नेसवली, त्याची गोष्ट

जुन्या घराच्या देवघरात काचेच्या फ्रेममधली लक्ष्मी तुम्ही पाहिली असेल. कमळावर उभी, भोवती पाणी, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती. पण काही घरांतल्या फ्रेमजवळ जाऊन बघितलं की एक गंमत लक्षात येते. चेहरा, हात, कमळ, हत्ती सगळं छापील आहे, साडी मात्र खऱ्या कापडाची आहे. काठाला जर लावली आहे आणि दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी चिकटवले आहेत.

जुनी चित्रं घेऊन त्यावर कागद, कापड, फुलंपानं चिकटवायची, याला आज आपण कोलाज म्हणतो. सोशल मीडियावर असं काम भरपूर दिसतं. आपल्याकडे ते कोलाज हा शब्द माहीत नसताना घरोघरी झालं. त्यासाठी लागणारं चित्र घरोघरी पोहोचवलं एका माणसाने. त्यांचं नाव राजा रविवर्मा.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. चित्रकलेचे पहिले धडे मामांनी दिले. १४ व्या वर्षी ते त्रिवेंद्रमच्या दरबारात आले. तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवीन होते आणि ते शिकवायला कुणी तयार नव्हतं. थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला, त्यानेही फक्त काम बघायची परवानगी दिली. मग बघून बघून आणि चुकत चुकत रविवर्मा शिकले.

१८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळालं. १८९३ मध्ये त्यांची १० चित्रं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गेली आणि तिथेही पदकं मिळाली. त्याच वर्षी त्याच शहरात विवेकानंदांचं भाषण गाजलं होतं.

पण एक अडचण होती. ही चित्रं राजवाड्यांत लागायची. सामान्य माणसाला ती दिसणार कुठे?

त्रावणकोर आणि नंतर बडोद्याचे दिवाण झालेले टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी परंपरेतले. चित्रांच्या छापील प्रती काढा, असं त्यांनी रविवर्मांना सुचवलं होतं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी रविवर्मांनी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची १४ चित्रं काढली. ती बडोद्याला जाण्याआधी मुंबईत लोकांना दाखवली, तेव्हा बघायला गर्दी लोटली.

१८९४ मध्ये त्यांनी मुंबईत, घाटकोपरला छापखाना सुरू केला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. ही शिळाछपाई होती. म्हणजे गुळगुळीत दगडावर चित्र उलटं उतरवायचं आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरायचा. एकच कागद पुन्हा पुन्हा दगडांवरून जायचा, तेव्हा कुठे चित्र पूर्ण व्हायचं. इथे छापलेलं पहिलं चित्र होतं शकुंतलेच्या जन्माचं.

ज्यांना जातीमुळे देवळाच्या पायरीवरच थांबावं लागायचं, त्यांच्याही घरात आता देव आला. तोही स्वस्तात.

आणि इथून पुढची गोष्ट रविवर्मांच्या हातात राहिली नाही.

चित्र घरी आलं की काही घरांत बायका कात्री आणि खळ घेऊन बसायच्या. साडीच्या मापाचा कापडाचा तुकडा कापायचा, चुण्या जुळवायच्या, चिकटवायचा, काठाला जर लावायची. काही ठिकाणी हे काम कारागीरही करून द्यायचे. कापड चढायचं ते माणसांवर आणि देवांवर. सरस्वतीजवळचा मोर, दमयंतीचा हंस, शकुंतलेभोवतीचं रान तसंच छापील राहायचं. रविवर्मांचे धाकटे भाऊ राजा राजा वर्मा निसर्गचित्रात तरबेज होते आणि भावाच्या कामात कायम सोबत असायचे.

छापखान्याचं मात्र बरं चाललं नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, कामगार पांगले आणि कर्ज वाढलं. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, तरी हिशोब जमेना. शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला, चित्रं छापण्याच्या हक्कांसह. १९०५ मध्ये राजा राजा वर्मा गेले आणि २ ऑक्टोबर १९०६ ला रविवर्माही गेले. नवीन मालकाकडे छपाई मात्र चालू राहिली. १९७२ मध्ये छापखान्याला आग लागली आणि बरंच काही जळालं.

युरोपात कोलाजचा इतिहास सांगताना पिकासो आणि ब्राक यांचं १९१२ मधलं काम सांगतात. त्याच्याही कितीतरी आधी इंग्लंडमध्ये मेरी डेलनी नावाच्या बाईंनी सत्तरी उलटल्यावर रंगीत कागद कापून फुलं बनवायला घेतली. त्यांची साडेनऊशेहून जास्त कागदी फुलं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यांच्या नावासकट.

आपल्याकडच्या चित्रांवर नाव असतं ते रविवर्मांचं किंवा छापखान्याचं. साडी कुणी चिकटवली, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ती घरातल्या कुणाची तरी आजी किंवा पणजी होती, इतकंच कळतं.

त्यामुळे घर चंद्रपूरचं असो, गडचिरोलीचं असो की सावंतवाडीचं, माळ्यावर अशी फ्रेम सापडली तर रद्दीत देऊ नका. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही जर कुणी लावली होती? नाव कळलं तर एका चिठ्ठीवर लिहून फ्रेमच्या मागे चिकटवून टाका.